एकाच नंबरावरचं कुटुंब

डॉक्टर वाणींचा दवाखाना जळगावच्या नव्या पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना होता. त्या दातांच्या दवाखान्याचे शहरावर केवढे उपकार होते, हे फक्त सुनंदाबाई बाविस्करांना ठाऊक. डॉक्टर वाणी मनाच्या आजारांवर औषध देत. पोटाच्या डॉक्टरकडे माणूस पिशवी हलवत राजरोस जातो, पण असल्या डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत बातमी भुसावळला पोचते. म्हणून जो तो इमारतीत शिरताना गालाला हात लावून शिरायचा. दाढ दुखते. जळगावात एवढ्या दाढा कशा दुखतात, असं एखाद्या परक्याला वाटलं असतं.

सुनंदाबाई बावीस वर्षं त्या दवाखान्याच्या काउंटरवर बसत होत्या. गालाला हात लावायची युक्ती पहिल्यांदा त्यांनीच एकीला सांगितली होती. दुसरी युक्ती गावांची. लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत आपल्याकडे आहेच. सुनंदाबाईंनी तीच उचलली आणि जराशी वाकडी केली. दवाखान्यात कुणाचंही नाव मोठ्याने घ्यायचं नाही, गावाचं घ्यायचं, आणि तेही खोटं. "पहूरच्या ताई, या आत," असं त्या म्हणायच्या आणि उठून आत जाणारीने पहूर बसच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नसायचं. खरी नावं डॉक्टरांच्या फायलीत, गावं सुनंदाबाईंच्या डोक्यात. कुणाला कोणत्या वारी बोलवायचं आणि कुणाला कुणाच्या समोर येऊ द्यायचं नाही, हेही तिथेच. एकदा आपसांत सोयरीक ठरत असलेली दोन घरं एकाच महिन्यात दवाखान्यात येत होती आणि मांडव पडेपर्यंत एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. त्या लग्नात सुनंदाबाईंनी दोन्हीकडून लुगडं घेतलं होतं.

काउंटरच्या मागे फायलींची एक अरुंद खोली होती. फारच घाबरलेली कुणी आली तर सुनंदाबाई तिला तिथल्या बाकावर बसवत. आणि डॉक्टरांच्या खोलीतून मागचा जिना थेट गल्लीत उतरायचा. आलं पुढून, गेलं मागून. येणाऱ्याला जाणारा दिसत नसे.

पिंपळनेरच्या ताईंना पहिल्या दिवशी त्यांनी त्याच बाकावर बसवलं होतं. खरं नाव चेलना, माहेर धुळ्याचं, सासर दाणाबाजारातल्या धान्याच्या मोठ्या पेढीचं. बाळंतपणानंतर चार महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन ही पोरगी भर दुपारी गच्चीच्या कठड्यापाशी उभी राहिली होती आणि आपण तिथे कशाला आलो हे तिला आठवत नव्हतं. दाताला आलेय असं सांगून ती एकटीच जिना चढून वर आली होती. रडत नव्हती. नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरी कळलं तर मला धुळ्याला पाठवतील आणि मुस्कानला इथेच ठेवून घेतील, एवढं एकच वाक्य ती तीन वेळा बोलली. सुनंदाबाईंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी आहे तोवर तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही."

त्याला आता साडेतीन वर्षं झाली होती. गोळ्यांनी चेलना सावरली होती. दर दुसऱ्या गुरुवारी यायची, गोळ्या घरी सुपारीच्या डबीत ठेवायची, आणि मुस्कान बालवाडीत काय म्हणाली ते सुनंदाबाईंना सांगून मागच्या जिन्याने जायची. डॉक्टर म्हणत, गोळ्या अजून वर्षभर तरी चालू राहायला हव्यात, एकदम तोडल्या तर पुन्हा पहिल्यावर येईल.

आणि यावलचे आबा म्हणजे गौतमचंदशेठ, चेलनाचे सासरे. हसू नका. सुनंदाबाईंनाही पहिल्या दिवशी हसू आलं होतं आणि लगेच त्याची लाज वाटली होती. बायको सुगनबाई गेल्यापासून त्या माणसाला झोप नव्हती. पहाटे उठून ते बायकोच्या कपाटापाशी खुर्ची टाकून बसत. पेढीवर मात्र तेच गौतमचंद सांगत, की डोक्याचे डॉक्टर ही रिकामटेकड्यांची थेरं आहेत. ते महिन्यातल्या पहिल्या सोमवारी येत, घरी गोशाळेत जातो असं सांगून. सून गुरुवारी, सासरा सोमवारी. एका छपराखालची दोन माणसं एकाच डॉक्टरच्या गोळ्या एकमेकांपासून लपवून खात होती, आणि हे जगात एकट्या सुनंदाबाईंना माहीत होतं. डॉक्टरांना आजार लक्षात राहत, नातीगोती राहत नसत.

संक्रांत झाली आणि डॉक्टरांची मुलगी ऋतिका पुण्याहून टॅबलेट घेऊन आली.

ऋतिका वाईट मुलगी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिने आठ दिवस बापाच्या दवाखान्यात बसून घड्याळ लावून पाहिलं होतं. माणसाला सरासरी चाळीस मिनिटं ताटकळावं लागत होतं. फोन उचलायलाही सुनंदाबाई, फाइल शोधायलाही त्याच, आणि पैसे घ्यायलाही त्याच. यावलच्या पलीकडच्या पाड्यावरून कुवरसिंग आपल्या बायकोला, दिवालीबाईला घेऊन यायचा. त्याची फाइल महिन्याआड हरवायची आणि परतीची बस चुकायची. हे सगळं एका पाटीएवढ्या टॅबलेटवर होणार होतं. नाव नोंदणं, फोटो, वेळ देणं, पावती, पुढची तारीख, सगळं एकातच. डॉक्टरांच्या टेबलावर त्याचाच जोड आणि एक छोटं छपाईयंत्र. डॉक्टरांनी बोट लावलं की पुढच्या तारखेची चिठ्ठी तिथेच बाहेर.

पहिल्या आठवड्यात टॅबलेटने कुवरसिंगची नोंद बोट टेकताच काढून दाखवली. दिवालीबाई पहिल्यांदाच अडीचच्या बसला वेळेवर पोचली. सुनंदाबाईंनी ते पाहिलं आणि मान्य केलं. बावीस वर्षांत हे आपल्याला जमलं नव्हतं.

फायली गेल्या तशी फायलींची खोलीही गेली. ऋतिकाने मधली भिंत पाडून तिथे काच बसवली, तीन रंगीत खुर्च्या ठेवल्या आणि कॉफीचं यंत्र मांडलं. छान दिसत होतं. जिन्यावरून येणाऱ्याला काचेतून आत कोण कॉफी पितंय ते स्पष्ट दिसायचं. सुनंदाबाई म्हणाल्या, की इथे काही जण लपून बसायचे. ऋतिका म्हणाली, "काकू, ह्याच तर गोष्टीची लाज घालवायची आहे ना आपल्याला?" बोलणं चुकीचं नव्हतं.

जुनी माणसं टॅबलेटवर चढवायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यात नावानंतर मोबाइल नंबर मागत होता. नंबर दिल्याशिवाय तो पुढे हलेना. दिला की त्यावर चार आकडे यायचे, ते भरायचे, मग गाडी पुढे. आणि मग त्या नंबरावर निरोप जाणार. उद्या तुमची वेळ आहे, डॉक्टर वाणी, मनोविकारतज्ज्ञ. चेलनाचा फोन नवरा रोनक रोज रात्री चार्जिंगला लावायचा आणि त्यातले निरोप वाचून मगच ठेवायचा. गौतमचंदशेठचा फोन पेढीच्या गादीवर पडलेला, त्याला मुनिमापासून हमालापर्यंत कुणीही हात लावी. कुवरसिंगच्या पाड्यात तर एकच फोन, तोही टेकडीवर चढलं तरच लागणारा. अशी सात माणसं निघाली, ज्यांचा नंबर एकतर देता येत नव्हता किंवा नव्हताच.

सुनंदाबाईंनी एक संध्याकाळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सातही जणांच्या नावापुढे स्वतःचा नंबर घातला. चार आकडे त्यांच्याच पर्समध्ये वाजले, त्यांनीच ते भरले. निरोप येतील ते आपल्याकडे येतील, कुणाच्या घरी जायला नकोत. त्या दिवशी घरी जाताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी वाटेत अर्धा डझन केळी घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, यंत्राला पण माणूस लागतोच.

फाल्गुनात ऋतिकाने टॅबलेटात एक नवी सोय चालू केली. एका घरातली दोन-तीन माणसं असली तर त्यांना वेगवेगळ्या दिवशी खेपा नकोत, टॅबलेट आपोआप सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवेल. ऋतिकाने हे मोठ्या हौसेने समजावलं. सुनंदाबाईंना कुवरसिंग आठवला. त्याचा भाऊही औषध घ्यायला लागला होता. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, चांगलं केलंस. टॅबलेट घर कशावरून ओळखतो हे त्यांनी विचारलं नाही. तसं विचारायचं असतं हेच त्यांना सुचलं नाही.

पुढचे पाच आठवडे टॅबलेट आपल्या पद्धतीने काम करत राहिला. एकेक जण येऊन गेला, डॉक्टरांनी बोट लावलं, चिठ्ठी निघाली, माणूस ती खिशात घालून मागच्या जिन्याने गल्लीत उतरला. मागच्या जिन्याने जायची पद्धत सुनंदाबाईंनीच घालून दिलेली होती. त्यामुळे एकही चिठ्ठी त्यांच्या हाताखालून गेली नाही. फोनवर निरोप येत होते, पण इंग्रजीत. आणि काउंटरवर स्वतःचा फोन काढायचा नाही असा आता नियम होता. रात्री त्या निरोपांचा आकडा पाहायच्या आणि समाधानाने पुसून टाकायच्या. कुणाच्या घरी गेले नाहीत ना, झालं.

चैत्रातल्या एका गुरुवारी साडेनऊला त्यांनी टॅबलेट उघडला. अकरा वाजताच्या रकान्यात लिहिलं होतं, बाविस्कर कुटुंब, सदस्य सात.

आधी त्यांना वाटलं, आपल्या घरचं कुणी येतंय की काय. आपल्या घरी तर दोनच माणसं. मग त्यांनी बोट टेकवलं आणि नावं उघडली. तिसऱ्या ओळीत चेलना होती, पाचव्या ओळीत गौतमचंद. सातही नावांपुढे एकच नंबर होता, सुनंदाबाईंचा स्वतःचा.

त्यांनी नावावर बोट दाबून ओढून पाहिलं. दोनदा, तीनदा. टॅबलेटने शांतपणे सांगितलं, की कुटुंब वेगळं करायला व्यवस्थापकाची परवानगी लागेल. व्यवस्थापक म्हणजे ऋतिका, ती पुण्याला. तिचा फोन वाजून वाजून बंद झाला आणि मग निरोप आला की कामात आहे, संध्याकाळी बोलते. सुनंदाबाई डॉक्टरांच्या दारात गेल्या. आत एक माणूस जमिनीवर बसून डोकं भिंतीला आपटत होता आणि डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात धरले होते. सुनंदाबाईंनी दारातूनच सांगितलं, अकराला सासरा आणि सून एकदम येताहेत. डॉक्टरांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "एकाला थांबवा. फोन करा त्यांना," ते म्हणाले, आणि पुन्हा त्या माणसाकडे वळले.

फोन करा. टॅबलेटवर त्याचीही सोय होती, 'सर्व सदस्यांना कळवा' असं हिरवं बटण. खाली लिहायला जागा होती. सुनंदाबाईंनी लिहिलं, आज दवाखाना बंद आहे, येऊ नये. बटण दाबलं.

खणातल्या त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला. मग पुन्हा वाजला. सात वेळा वाजला.

त्या खुर्चीवर बसल्या. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचा नंबर लिहून ठेवला नव्हता, कारण लिहून ठेवलेलं कुणीतरी वाचतं. आणि आता ज्यांना थांबवायचं त्यांच्यापर्यंत पोचायला त्यांच्याकडे स्वतःखेरीज कुणी नव्हतं. दाणाबाजार काही फार लांब नव्हता. धावत जाऊन यावं असं त्यांच्या मनात आलं. पण काउंटर सोडला तर आल्या माणसाला टॅबलेट परस्पर आत घेणार, आणि पेढीवर जाऊन तरी सगळ्यांसमोर काय सांगायचं? त्यांनी तोतारामला बोलावलं. तोताराम साठीचा शिपाई, धुळ्याकडच्या खेड्यातला. तो सगळ्यांना त्यांच्या खोट्या गावांवरूनच ओळखायचा. त्याला म्हणाल्या, जिन्याच्या तोंडाशी उभा राहा, यावलचे आबा दिसले की वर येऊ देऊ नकोस. दातांच्या दवाखान्यात बसव, पाय दुखतो म्हण, काहीही म्हण. तोताराम काही न विचारता गेला.

साडेदहाला काचेच्या खोलीत कुवरसिंग आणि दिवालीबाई येऊन बसले. त्यांच्यामागून त्याचा भाऊ. पावणेअकराला चेलना आली, फिक्या हिरव्या साडीत, गालाला हात लावून. एवढे लोक पाहून ती दारातच थबकली. सुनंदाबाई काउंटरमागून उठून तिच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आज जा. आत्ताच्या आत्ता. का ते मग सांगते."

चेलनाने हात गालावरून खाली घेतला. गोळ्या परवाच संपल्या होत्या, ती म्हणाली. दोन रात्री झोप नव्हती, आणि काल मुस्कानवर ती इतकी ओरडली की मूल पलंगाखाली जाऊन बसलं. पुढच्या गुरुवारपर्यंत कशी राहू? सुनंदाबाई म्हणाल्या, गोळ्या मी आणून देते, बालवाडीच्या दारात येऊन देते, पण आता इथून निघा. मागचा जिना डॉक्टरांच्या खोलीतून होता आणि डॉक्टरांच्या खोलीत तो माणूस होता. पूर्वी लपवायला फायलींची खोली तरी होती. त्यांनी तिला पुढच्या जिन्याकडे वळवलं, आणि त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं.

इमारतीची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. मंगळवारीच दुरुस्त झाली होती.

गौतमचंदशेठ बाहेर आले. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हाताने ते खिशात चष्मा शोधत होते. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांपलीकडचं माणूस ओळखू येत नसे. त्यांनी चेलनाकडे पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण त्यांना खरोखरच काही दिसलं नव्हतं. हिरवी साडी नेसलेली एक बाई, एवढंच. ती नुसती चालू लागली असती, त्यांच्या शेजारून जिना उतरून गेली असती, तरी निभावलं असतं. सुनंदाबाईंनी तिच्या दंडाला धरून पुढे ढकललंसुद्धा.

पण चेलना जागची हलली नाही. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं सासरा समोर आला की जे ती करत आली तेच तिच्या हातांनी केलं. पदर डोक्यावरून ओढून छातीपर्यंत आणला, एक पाऊल मागे सरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. विचार करायला वेळच मिळाला नाही. अख्ख्या जळगावात गौतमचंदशेठसमोर असं उभं राहणारी एकच बाई होती.

शेठ थांबले. चष्मा सापडला होता, तो त्यांनी डोळ्यांना लावला. घुंघटाकडे पाहिलं, मग तिच्या मुठीत चुरगळलेल्या चिठ्ठीकडे, मग आपल्या हातातल्या चिठ्ठीकडे. दोन्हींवर एकच निळा शिक्का होता. तेवढ्यात काउंटरवरचा टॅबलेट गोड आवाजात बोलला, "बाविस्कर कुटुंब. सर्व सदस्यांनी सोबत आत यावे." कुवरसिंग आणि दिवालीबाई उठून उभे राहिले. बाकी कुणी हललं नाही.

सासरा सुनेशी थेट बोलत नाही, मधल्या माणसाला सांगतो. गौतमचंदशेठ सुनंदाबाईंकडे पाहून बोलले. आवाज अगदी नेहमीचा होता.

"दातांचा दवाखाना खालच्या मजल्यावर आहे. यांचा मजला चुकला असेल," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माझाही चुकला."

ते जिन्याने उतरून गेले. लिफ्ट उभी होती तरी जिन्याने, कठड्याला धरून एकेक पायरी. चेलना भिंतीकडे तोंड करून तशीच उभी होती. सुनंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. गोळ्या घेऊन जा, डॉक्टर दोन मिनिटांत मोकळे होतील, असं त्या सांगत राहिल्या. चेलनाने पदर वर केला नाही. पदराआडूनच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात अक्का." आणि तीही उतरून गेली.

तोताराम वर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मी जिनावर उभा व्हतू अक्का, आनि त्या लिफ्टमाईन उनात," तो म्हणाला, आणि मग काचेकडे पाहून म्हणाला, "बठ्ठा तुमनाच घरना लिखेल शेतस का?" सगळे तुमच्याच घरचे म्हणून लिहिलेत का, या प्रश्नावर सुनंदाबाईंनी टॅबलेट पालथा घातला. डॉक्टर दार उघडून बाहेर आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

संध्याकाळी ऋतिकाने पुण्यात बसून सातही नावं वेगळी केली. दोन मिनिटं लागली. तिने विचारलं, काकू, तुम्ही सगळ्यांना तुमचा नंबर कशाला दिलात? ओरडली नाही, खरंच विचारत होती. सुनंदाबाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. महिन्याच्या शेवटी ऋतिकाने दाखवलं, की ताटकळायची वेळ चाळिसावरून नऊ मिनिटांवर आली. ते खरं होतं. न आलेल्या माणसांच्या रकान्यात दोन नावं होती, आणि त्यांच्या वेळा टॅबलेटने दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या.

पुढच्या दोन्ही गुरुवारी चेलना आली नाही. सोमवारी आबा आले नाहीत. सुनंदाबाई चेलनाच्या गोळ्या घेऊन तीन दिवस बालवाडीच्या दारात उभ्या राहिल्या. मुलीला न्यायला पेढीवरचा मुनीम येत होता. त्याला काय विचारणार? डॉक्टर रोज विचारत, काही कळलं का, आणि त्या रोज नाही म्हणत. शेवटी एका दुपारी त्या दाणाबाजारात गेल्या. रस्त्यात डांबर चपलेला चिकटत होतं. पर्समध्ये दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेल्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत दहादा घोकलं होतं. एवढंच बोलायचं, की मागचा जिना उघडा असतो.

पेढीवर रोनक फोनवर बोलत होता. गौतमचंदशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते आणि शेजारी मुस्कान तुरीच्या डाळीच्या ढिगात हात खुपसून खेळत होती. शेठच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी सुनंदाबाईंना ओळखलं. पापणी एकदा फडफडली, त्यावरून सुनंदाबाईंना ते कळलं. आणि लगेच शेठनी नजर डाळीकडे वळवली.

"काय पाहिजे बाई?" त्यांनी विचारलं.

"डाळ," सुनंदाबाई म्हणाल्या. "दोन किलो."

मुनीम डाळ भरायला लागला. रोनक तीन हातांवर बसलेला. सुनंदाबाईंनी आवाज खाली घेऊन विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. शेठ स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते. सुनंदाबाईंना तेव्हा कळून चुकलं. हा माणूस सुनेवर रागावलेला नव्हता. तिने आपल्याला तिथे पाहिलं हे याला सोसत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ताट वाढताना ती पदराआडून आपल्याला पाहते, आणि तिला माहीत आहे, हे त्याला सोसत नव्हतं. सुनंदाबाईंना त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. पुड्या पर्समध्येच राहिल्या. रोनक तिथून उठत नव्हता.

त्या मुस्कानसमोर वाकल्या. "आई कुठे गं तुझी?"

मुस्कानने डाळीतून हात काढले. "आई धुळ्याला गेली. तिचे दात दुखतात," ती म्हणाली. "सगळे दात काढून नवीन येणार आहेत. म्हणून खूप दिवस लागतील. आबा म्हणाले."

शेठनी मान वर केली नाही. मुस्कानने आपलं तोंड उघडून पुढचा एक दात बोटाने हलवून दाखवला, तो हलत नव्हता, आणि विचारलं, "नवीन यायला किती दिवस लागतात?"

"लागतात गं," सुनंदाबाई म्हणाल्या. "दातांना लागतात दिवस."

मुनिमाने पिशवी पुढे केली. ती घेऊन त्या उन्हात आल्या आणि स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. धुळ्याच्या गाड्या दर अर्ध्या तासाला सुटत होत्या. चेलनाचं माहेर धुळ्यात कोणत्या गल्लीत आहे, हे त्यांनी साडेतीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिचं गाव त्यांच्या लेखी पिंपळनेर होतं.